भिंत वाळली का, हे हाताला विचारू नका

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी तेव्हा नुकताच वॉटरप्रूफिंगच्या एका ठेकेदाराकडं लागलो होतो. गच्चीची गळती, बाथरूमची ओल, आमची धाव तिथवरच. पाणी उतरलं आणि शहरातल्या गावभागातून फोन सुरू झाले, "घर वाळवून द्या." ठेकेदारानं दोन डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून टाकीत जमा करणारी मशीनं, भाड्यानं आणले. पहिल्या घरात मी मशीन चालू केलं, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, आणि टाकी भराभर भरतेय बघून खूश झालो. चार दिवसांनी भिंत होती तशीच. मी घर नव्हे, सांगलीचा पावसाळा वाळवत बसलो होतो.

माझा मामा तासगावचा, बेदाण्याचं शेड आहे त्याचं. माल सावलीत, जाळ्यांवर वाळतो. ढग दाटले की मामाची झोप उडते. चूक त्यानंच दाखवली. "अरे, हवाच ओली असेल तर वारं किती का सुटेना, काय उपयोग?" या कामात नव्यानं येणाऱ्या पोरांना मी हेच पहिल्यांदा सांगतो. बाहेर पाऊस असेल तर दारं-खिडक्या बंद. पंखा भिंतीतली ओल हवेत आणतो, मशीन ती हवेतून काढून टाकीत घालतं. दोघं मिळून चालले तरच काम. बाहेर कडक ऊन पडलं की मशीन बंद करून खिडक्या उघडा, तेवढंच वीजबिल वाचतं.

हिशोब एकदा कागदावर करून बघा. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. 30 अंश तापमानाला ही हवा दमटपणानं गच्च भरली, तरी तिच्यात मावतं ते जेमतेम लिटरभर पाणी. आणि तीन किलोची एक साधी वीट अर्ध्या लिटरपर्यंत पाणी पिऊन बसते. भिंतीत अशा विटा किती, ते मोजा. म्हणून दोन दिवसांत घर कोरडं करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गिलावा लवकर वाळतो, वीट महिनोन्महिने घेते.

आता मीटरचं. ओल मोजणारा मॉइश्चर मीटर बहुतेक लाकडासाठी बनवलेला असतो, त्यामुळे भिंतीवर दिसणारा आकडा खरी टक्केवारी नसते. त्याच घरात पाणी न पोचलेली भिंत शोधा, वरच्या मजल्यावरची असेल तर उत्तम, आणि तिच्या आकड्याशी तुलना करा. भिंतीवर पेन्सिलीनं फुल्या मारा, रोज त्याच जागी, त्याच वेळी मोजा, वहीत लिहा. लोणा लागलेल्या भिंतीत मीटर फसवतो, क्षारांमुळं आकडा चढाच दाखवतो. तिथं जुनीच युक्ती: फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले की ओल अजून बाहेर येतेय.

पहिल्या दिवसाचं थोडक्यात. मेन स्विच बंद असल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय आत पाय टाकू नका. गाळ शिरलेला बोर्ड इलेक्ट्रिशियननं उघडून तपासल्यावरच लाइट. गमबूट, हातमोजे हवेतच, पुराच्या पाण्यात गटारही असतं. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारा. काहीही हलवण्याआधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, पंचनाम्याला आणि विम्याला लागतात. गाळ मात्र पाणी उतरता उतरताच बाहेर ढकला. एकदा वाळला की टिकाव मारावा लागतो. तळघरातलं पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची जमीन पाणी धरून असते, आतला आधार गेला की भिंत आत येते. मातीच्या भिंतींचा जुना वाडा असेल तर आधी इंजिनिअर, मग मशीन.

आणि घाई नको. सागवानी दारासमोर हीटर लावून ते पिळवटून टाकणारा मुलगा मी बघितलाय. (तो मीच.) मिरजेच्या एका घरात तंबोरा भिजला होता, तो मशीनसमोर ठेवा म्हणून मालक मागं लागले. मी सरळ कारागिराकडं पाठवला. भोपळा तडकला असता तर पैसे कोण देणार?

शिक्षण काय लागतं, असं पोरं विचारतात. आयटीआयचा फ्रिज-एसीचा किंवा इलेक्ट्रिशियनचा कोर्स सिव्हिलपेक्षा जास्त कामाला येतो, कारण डीह्युमिडिफायर म्हणजे आतून एसीच. पूर दरवर्षी येत नाही. फुटलेला पाइप, वरच्या मजल्याचं झिरपणं, यावर बाराही महिने पोट चालतं.

माझी सगळ्यात महागाची चूक गावभागातल्याच एका काकूंकडं झाली. पूर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ओसरला आणि 2 सप्टेंबरला गणपती. "बाळा, हात लावून बघ, वाळलीय की," म्हणाल्या. हाताला कोरडीच लागत होती. मीटर नाही म्हणत होता, मी हो म्हटलं. ऑइलपेंट मारला. दिवाळीपर्यंत हॉलभर फुगे आले, पोपडे सुटले आणि गिलाव्यासकट खाली आले. रंगाचा सगळा खर्च मी माझ्या पगारातून हप्त्यांनी फेडला.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. काकूंनी पुन्हा मलाच बोलावलं, याचं मला अजून नवल वाटतं. यावेळी गणपतीला सात आठवडे होते. मी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली, आकडे दाखवले, म्हटलं, यंदा नुसता चुना. चुन्यातून ओल बाहेर पडते. त्यांनी तोंड वाकडं केलं. पण आरतीला गेलो तर मखराच्या मागं पांढरी भिंत होती, आणि खालच्या कोपऱ्यात माझ्या पेन्सिलीच्या तीन फुल्या तशाच. काकूंनी पुसू दिल्या नव्हत्या.