कॅनडात नोकरी शोधताना: तुमच्या कामाची गोष्ट तुम्हीच सांगा

पुणे, चाकण, नाशिककडून कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात आलेल्या मुलामुलींचे रेझ्युमे माझ्याकडे सारखे येतात. या लोकांनी कामं उत्तम केलेली असतात आणि रेझ्युमेत त्यातलं काहीच दिसत नाही. जबाबदाऱ्यांची लांबलचक यादी असते, ती त्याच हुद्द्यावरच्या कोणाच्याही नावावर खपेल. फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव हे सगळं आधी काढून टाका. दोन पानं पुरतात.

खरी गाडी अडते ती मुलाखतीत. इथे विषयाचे प्रश्न कमी आणि ‘टेल मी अबाउट अ टाइम’ने (म्हणजे ‘असा एखादा प्रसंग सांगा’ने) सुरू होणारे जास्त असतात. सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत, मुदत हुकणार असं दिसल्यावर काय केलंत, चूक झाल्यावर ती कोणाला आणि कधी सांगितलीत. सरकारी नोकरीच्या मुलाखतीत तर पॅनेल समोर कागद घेऊन ठरलेल्या निकषांवर गुण देतं. तुम्ही बोललाच नाहीत, तर समोरच्याला कितीही वाटलं तरी त्याचे गुण देता येत नाहीत. म्हणून म्हणतो, मुलाखतीला जाण्याआधी आपल्या कामातल्या पाच-सहा घटना नीट आठवून, लिहून, मोठ्याने बोलून तयार ठेवा.

अशी घटना सांगायची ‘स्टार’ पद्धत बहुतेकांना माहीत असते, तिचे टप्पे चार: परिस्थिती, काम, कृती, परिणाम. पण आपली मंडळी परिस्थितीतच अडकतात. कंपनी केव्हा सुरू झाली, किती प्लांट, कोणते ग्राहक, यातच दोन मिनिटं जातात. ते तीन वाक्यांत उरका आणि उरलेला वेळ तुम्ही काय केलंत यावर घालवा.

चाकणला क्वालिटीत काम केलेल्या एका मुलाचं उत्तर आधी असं होतं: ‘आमच्या टीमने रिजेक्शन (बाद होणारे पार्ट) कमी केलं.’ मी त्याला प्रश्न विचारत बसलो, तेव्हा हे बाहेर आलं. पार्टमधलं भोक, म्हणजे बोअर, मापापेक्षा मोठा येत होता, पण फक्त रात्रपाळीत. सगळे ऑपरेटरला दोष देत होते. हा स्वतः दोन रात्री मशीनजवळ उभा राहिला. कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारं द्रव, सकाळीच भरलं जायचं, रात्रीपर्यंत पातळी उतरायची, टूल तापायचं. त्याने दर दोन तासांनी पातळी नोंदवायचा तक्ता मशीनवर लावला आणि तो भरण्याची जबाबदारी ऑपरेटरशी बोलून ठरवली. महिनाभरात रात्रीचं रिजेक्शन दिवसाच्या बरोबरीला आलं. आता यात निरीक्षण आहे, दोष न देता माणसाशी बोलणं आहे, परिणाम आहे. मतभेदाच्या प्रश्नालाही हीच घटना चालते. आणि चाकण कुठे आहे हे मुलाखत घेणाऱ्याला माहीत असायची गरजच पडत नाही.

आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं म्हणजे मोठेपणा मिरवणं, असे संस्कार आहेत. ते चांगलेच आहेत, घरी ठेवा. मुलाखतीत टीमचं श्रेय एका वाक्यात द्या आणि लगेच स्वतःच्या वाट्यावर या. अपयशाच्या प्रश्नाला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ असं उत्तर देऊ नका. इथे ते हजारदा ऐकून झालंय. खरी चूक सांगा आणि त्यानंतर कामाची पद्धत कशी बदललीत तेही सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याची गोष्ट स्वतःची म्हणून सांगू नका. पैसे घेऊन कॅनडातला खोटा अनुभव रेझ्युमेत घालून देणारे कन्सल्टंट आहेत, आणि वाईट वाटतं, पण त्यांची शिफारस आपलेच लोक करतात. माझ्या ओळखीतल्या एकाला हातात आलेली ऑफर कंपनीने जुन्या अनुभवाची चौकशी केल्यावर गमवावी लागली. जुनी नोकरी सोडून बसलेला, घरी लहान मूल. मुलाखतीतही हे उघडं पडतं, कारण समोरचा खोलात प्रश्न विचारतो: मग ऑपरेटर काय म्हणाला? आकडा कुठून आला? स्वतः न केलेल्या कामाला ही उत्तरं नसतात. हाच खोटा अनुभव इमिग्रेशनच्या अर्जात गेला, तर पाच वर्षं कॅनडाची दारं बंद होऊ शकतात. कोणी कितीही खात्री दिली तरी या वाटेला जाऊ नका.

आणि त्याची गरजही उरलेली नाही. व्यावसायिक इंजिनिअरांना परवाना देणाऱ्या ऑन्टारिओच्या संस्थेने मे 2023 मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढली. 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना ऑन्टारिओत जाहिरातीत ती अट घालता येत नाही, आणि मुलाखत झालेल्याला शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांत निवडीचा निर्णय झाला की नाही हे कळवावं लागतं. तरी ‘आधी गोदामात दोन वर्षं काढा’ असा सल्ला जुने लोक देत राहतील. घर चालवायला गोदामात काम करावं लागलं तर जरूर करा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिथे रागावलेल्या ग्राहकाला कसं सांभाळलंत, नवीन मुलाला स्कॅनर कसा शिकवलात, हेही मुलाखतीत सांगता येतं. पण तेवढ्यासाठी मूळ क्षेत्रात अर्ज करणं थांबवू नका.

मंडळाच्या दिवाळीत भेटलेल्या माणसाकडे पहिल्याच वाक्यात रेफरल, म्हणजे त्याच्या कंपनीत शिफारस, मागू नका. त्याच्या कामाबद्दल विचारा, तुमची एक घटना सांगा. ती लक्षात राहिली तर जागा निघाल्यावर तोच फोन करतो.

नोकरी लागल्यावर बहुतेक जण हे सगळं सोडून देतात आणि मग बढती दुसऱ्याला मिळाली म्हणून कुढतात. इथला मॅनेजर सभ्य असतो, पण तुमचं काम आपणहून शोधत बसत नाही. दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून एका फाइलीत लिहा: काय अडलं होतं, मी काय केलं, काय बदललं, कोणाला माहीत आहे. वार्षिक आढाव्याच्या महिनाभर आधी त्यातल्या तीन घटना निवडा आणि मॅनेजरला भेटीची वेळ मागा. आढाव्याच्या दिवशी सांगून उपयोग नसतो, तोवर बढतीची यादी वर गेलेली असते.