बातमीचा मथळा क्लिकबेट आहे की नाही, हे कसे तपासावे

मथळा चटकदार आहे एवढ्यावरून तो क्लिकबेट, म्हणजे वाचकाला दुवा उघडायला लावणारे आमिष, ठरत नाही. बातमीचा गाभा मथळ्यातून मुद्दाम गाळला आहे का, आणि मथळ्यात जे कबूल केले आहे ते मजकुरात खरोखर मिळते का, या दोन गोष्टी पाहिल्यानंतरच तसा निर्णय द्यावा.

बातमी उघडण्यापूर्वी कोण, काय, कुठे आणि केव्हा यांपैकी कशाचे उत्तर लपवले आहे, ते शोधावे. मराठी संकेतस्थळांवर याची सर्वांत ठळक खूण म्हणजे अवतरणचिन्हांत बसवलेले ‘या’. “राज्यातील ‘या’ जिल्ह्यांना ऑरेंज अलर्ट” किंवा “‘या’ तारखेला खात्यात पैसे जमा होणार” अशा मथळ्यांत जिल्ह्यांची नावे आणि तारीख हीच खरी बातमी असते आणि नेमकी तीच काढून घेतलेली असते. आपल्याला ठाऊक असलेले आणि जाणून घ्यावेसे वाटणारे यांतील अंतरामुळे कुतूहल जागे होते, अशी मांडणी अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये केली होती. येथे ते अंतर कृत्रिमपणे निर्माण केले जाते. जागा अपुरी पडते हे कारण पटण्यासारखे नाही, कारण “रायगड, रत्नागिरीला ऑरेंज अलर्ट” हा मथळा अधिक आखूड आहे. पावसाच्या इशाऱ्याबाबत ही लपवालपवी मला अक्षम्य वाटते: मोबाइलवर केवळ मथळे पाहून पुढे जाणाऱ्या माणसाला आपला जिल्हा त्यात आहे, हे कळतच नाही.

त्यानंतर मथळ्यातील सर्वांत जोरकस शब्द निवडून त्याला आधार देणारे वाक्य मजकुरात शोधावे. “खळबळ” म्हटले असेल, तर ती कोणामध्ये माजली? सोन्याच्या भावात “मोठी घसरण” म्हटले असेल, तर ती किती रुपयांची? माहिती लपवणे आणि अतिशयोक्ती करणे हे दोन दोष फेसबुकनेही २०१७ पासून वेगवेगळे तपासण्यास सुरुवात केली. त्याआधी, २०१४ मध्ये, वाचक दुवा उघडून लगेच परततो का, ही कसोटी त्या कंपनीने लावली होती. ती आपल्या स्वतःच्या वाचनालाही लावून पाहावी.

प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या मथळ्याचे उत्तर “नाही” असे देता येते, हे ब्रिटिश पत्रकार इयन बेटरिज यांचे २००९ मधील निरीक्षण “शाळांना उद्या सुट्टी?” अशा मथळ्यांना बऱ्याचदा लागू पडते, मात्र “कांद्याचे भाव का पडले?” असे विचारून कारणे नीट सांगणाऱ्या विश्लेषणाला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

तरीही शंका उरल्यास गाळलेले उत्तर घालून मथळा स्वतः पुन्हा लिहावा. “प्रसिद्ध अभिनेत्याचे निधन” यात नाव घातल्यावरही त्या कलावंताच्या कारकिर्दीविषयी वाचण्यासारखे काही उरत असेल, तर मजकूर सकस असून दोष केवळ मथळ्याचा आहे. काहीच उरत नसेल, तर ती संपूर्ण बातमीच क्लिकसाठी रचलेली आहे, असे निःसंकोच म्हणावे.