फ्रेडरिक डग्लस, डायान नॅश यांच्याकडून शिकायचं ते कसं

गुलामीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसचा फोटो भिंतीवर लावला की आठवडाभर बळ येतं, मग नजरेला सवय होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासातून तरुणांनी काही उचलायचं तर या माणसांची काम करायची रीत उचलावी. ती आजही वापरता येते.

आधी माणूस निवडा आणि त्याच्या आयुष्यातलं एकच वर्ष घ्या, शक्यतो तुमच्या वयाच्या जवळचं. अख्खं चरित्र घेतलं की जन्मापासून पुतळ्यापर्यंतचा प्रवास दिसतो आणि आपण फार लहान वाटायला लागतो. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठायला नकार देणारी, अलाबामा राज्यातल्या मॉंटगोमेरीची क्लॉडेट कॉल्विन १५ वर्षांची होती. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये वर्णभेदाविरुद्ध विद्यार्थ्यांचं आंदोलन उभं करणारी डायान नॅश २१ वर्षांची.

मग त्या माणसाने स्वतः लिहिलेलं वाचा. डग्लसचं १८४५चं आत्मचरित्र इंटरनेटवर फुकट मिळतं. सुरुवातीला सहावं आणि सातवं प्रकरण पुरे. दोन बैठकांत होतात. वाचताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'हाताशी काय होतं', उजवीकडे 'त्याचं काय केलं'.

डग्लस गुलाम होता. मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने ती शिकवणी बंद पाडली. आता डावीकडे काय येईल? घरात मिळणारा पाव, खडूचा तुकडा, बाल्टिमोरची जहाजगोदी. उजवीकडे बघा. गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना तो पाव द्यायचा आणि बदल्यात वाचायला शिकायचा. गोदीत लाकूड तासून झालं की ते जहाजात कुठे बसणार ते सुतार त्यावर लिहीत: डाव्या बाजूचं असेल तर 'एल', उजव्या बाजूचं 'एस', डाव्या बाजूच्या पुढच्या भागाचं 'एल एफ', मागच्या भागाचं 'एल ए'. ती चार अक्षरं त्याने गिरवली. मग लिहिता येणारं पोरगं भेटलं की म्हणायचं, मलाही तुझ्याइतकंच येतं, आणि ती चार अक्षरं काढून दाखवायची. ते पोरगं ईर्ष्येने आणखी अक्षरं काढून दाखवी. कुंपणाच्या फळ्या, भिंती, फरसबंदी ही त्याची वही.

आता तुमचं पान काढा. जे शिकायचंय त्यासाठी घरात, गल्लीत, कॉलेजात फुकट मिळणाऱ्या चार गोष्टी लिहा आणि ज्याच्याशी देवाणघेवाण करता येईल असा एक माणूस. 'मी काय देणार?' ही ओळ रिकामी सोडू नका. डग्लसकडे पाव होता, तुमच्याकडे गणित असेल, मराठी टायपिंग असेल. रोज २० मिनिटं, ३० दिवस. मध्येच विषय बदलला तर वही तिथेच अडते.

अडचण शिकण्याची नसून भीतीची असेल, तर नॅशव्हिलकडे वळा. तिथल्या विद्यार्थ्यांना अहिंसेचे धडे देणारे जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि भारतात त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत जाऊन त्यांनी विद्यार्थ्यांकडून अपमानाची चक्क तालीम करून घेतली. काहींनी हल्लेखोर व्हायचं, शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बाकीच्यांनी हात न उचलता बसून राहायचं. फेब्रुवारी १९६०मध्ये हीच मुलं दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली. १० मे रोजी ते काउंटर त्यांच्यासाठी खुले झाले.

चार मित्र जमवा. ज्या तीन वाक्यांनी मुलाखतीत किंवा वर्गात जीभ टाळ्याला चिकटते, ती कागदावर लिहा. एकाने ती मोठ्याने म्हणायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मग अदलाबदल. १५ मिनिटं तालीम, १० मिनिटं बोलणं. थांबायचा एक शब्द आधीच ठरवा. ज्याने तो अपमान खरंच सोसलाय, मर्यादा त्यानेच ठरवायची.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. पहिली, दंतकथा खरी मानणं. मॉंटगोमेरीच्याच रोझा पार्क्स डिसेंबर १९५५मध्ये पाय दुखत होते म्हणून बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात त्या १९४३पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या मॉंटगोमेरी शाखेत सचिव म्हणून काम करत होत्या आणि १९५५च्या उन्हाळ्यात टेनेसीत प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. पार्क्स यांच्या अटकेनंतरचा मॉंटगोमेरीतला बसबहिष्कार ३८१ दिवस चालला. प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी रात्रीतून हजारो पत्रकं छापली म्हणून तो वेळेत सुरू झाला. दंतकथा धरून चाललात तर एका धाडसी क्षणाची वाट बघत बसाल. म्हणून वहीत नायकाच्या नावाखाली सोबतच्या तिघांची नावं लिहाच.

दुसरी चूक जास्त गंभीर. परीक्षेचा ताण म्हणजे गुलामी नव्हे. तशी तुलना करून त्या लोकांचं दुःख स्वस्त करू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण शूद्रातिशूद्रांच्या दास्याशी ते नातं खरं होतं. असं नातं नसेल तिथे फक्त रीत घ्या.

३० दिवसांनी जे जमलं नाही ते खोडा आणि दुसरा माणूस घ्या, शक्यतो ज्याचं पोस्टर कुठे मिळत नाही असा. कॉल्विन चालेल. २ मार्च १९५५ला ती बसमधून उठली नाही. पुढच्या वर्षी बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणाऱ्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात चार वादींपैकी एक म्हणून साक्षीला उभी राहिली.