एपीके फाइल, व्हिडिओ कॉलवरची अटक आणि १९३०

फोनवरून लुटणाऱ्याला सहसा बँक फोडता येत नाही, म्हणून तो तुमच्याकडूनच काम करवून घेतो. पिन टाकायला लावतो, ओटीपी काढून घेतो, एखादं ॲप टाकायला लावतो, नाहीतर घाबरवून तुमच्याच हाताने पैसे पाठवायला लावतो. गोष्ट वीजबिलाची असो, कुरिअरची असो की केवायसीची, यांपैकी एक मागणी आली की फोन ठेवायचा.

यूपीआयचं थोडक्यात सांगतो. पैसे घेताना पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकायला काढल्यावर कोणी ‘ॲडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणालं, तर पैसे तुमचेच जाणार आहेत. दुकानदारांनी गिऱ्हाईकाच्या मोबाइलवरची हिरवी टिकली पाहून माल देऊ नये. तशीच टिकली दाखवणारी खोटी ॲप आहेत. रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली दिसली पाहिजे.

वीजबिलाचा मेसेज ठरलेला असतो: ‘मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला.’ थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शंका असली तर महावितरणच्या १९१२ वर विचारा. मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका, कारण तिथून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतात आणि मग तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण त्यांना दिसतं.

एपीके फाइल

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान यादी’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल येते. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर चढणारं ॲप. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून विश्वास ठेवू नका. त्याचा फोन आधीच बाधित झालेला असतो आणि तिथून ती आपोआप सगळ्या ग्रुपवर जाते. चलान खरंच आहे का, हे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून स्वतः पाहता येतं.

हे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराच्या हाती पडतो. अनेकदा ॲपचं चिन्हच पडद्यावरून गायब होतं, त्यामुळे माणसाला वाटतं की फाइल उघडलीच नाही. इथेच वेळ जातो.

फाइल उघडली गेलीच, तर आधी विमान मोड चालू करा आणि वायफाय बंद झालंय ना ते पाहा. सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगा. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. बाधित फोनवर बदललात तर नवा पासवर्डसुद्धा चोराला मिळेल. मग फोन फॅक्टरी रीसेट करा. नुसतं अनइन्स्टॉल करून भागेलच असं नाही. बॅकअपमधून फोटो आणि संपर्क परत घ्या, ॲप मात्र प्ले स्टोअरवरून नव्याने टाका. सिम परत घातल्यावर ##००२# डायल करा, म्हणजे कोणी तुमचे कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते बंद होतील. व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादीही पाहा आणि अनोळखी उपकरण काढून टाका.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर एक काम आजच करता येईल. सेटिंगमध्ये ‘अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या तिघांसमोरची परवानगी बंद करा.

‘डिजिटल अटक’

सुरुवात बहुतेक वेळा अशी होते: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, किंवा तुमच्या आधारवर काढलेल्या सिमवरून गुन्हा झाला. मग कॉल ‘क्राइम ब्रँच’ला जोडला जातो. व्हिडिओवर गणवेश दिसतो, मागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो, सहीशिक्क्याचा कोर्टाचा आदेश पाठवला जातो. कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरात कोणाला सांगायचं नाही, असं बजावतात. शेवटी पैसे ‘पडताळणीसाठी’ एका खात्यात भरायला लावतात आणि चौकशी संपली की परत मिळतील असं सांगतात.

डिजिटल अटक नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक होत नाही आणि पोलीस किंवा सीबीआय तपासासाठी कोणाच्या खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. ‘कोणाला सांगू नका’ हे वाक्य आलं की फसवणूक पक्की समजा, कारण शेजारच्या काकूंना जरी सांगितलं तरी हा डाव मोडतो. यात निवृत्त माणसांच्या ठेवी जातात, म्हणून आई-बाबांना हे आधीच सांगून ठेवा. फोन कापला म्हणून काहीही होत नाही. फार भीती वाटली तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा.

पैसे गेल्यावर

चोरलेली रक्कम पहिल्या खात्यात थांबत नाही. काही मिनिटांत ती अनेक भाड्याच्या खात्यांत फुटते आणि एटीएममधून निघते. म्हणून आधी १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), बाकी सगळं नंतर.

१. १९३० वर फोन करा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक समोर ठेवा. यूपीआयमध्ये तो १२ अंकी असतो. लाइन लागेना तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरा आणि फोन लावत राहा.
२. बँकेला त्याच दिवशी कळवा. तक्रार क्रमांक घ्या, शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.
३. मेसेज, कॉलची यादी, समोरच्याचा नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. लाजेपोटी चॅट पुसू नका, तो पुरावा आहे.

तारखेची पोच का हवी? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकावर नुकसानीचा भार नसतो. चार ते सात कामकाजी दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत तो ग्राहकावर येतो. ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक आपलीच असली तरी कळवायला उशीर करू नका. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८.

रक्कम गोठवली गेल्याचं कळलं तरी ती आपोआप खात्यात येईल असं धरून चालू नका. ती सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो, त्यामुळे तपास अधिकाऱ्याकडे पाठपुरावा करत राहा. या काळात ‘सायबर सेलमधून बोलतोय, प्रोसेसिंग फी भरा, पैसे परत मिळतील’ असा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात आणि हा त्याच टोळ्यांचा दुसरा फेरा असतो. १९३० वरची तक्रार किंवा पोर्टलवरची नोंद यांसाठी एक रुपयाही लागत नाही.