सायंटिफिक सॉफ्टवेअर अचानक हळू झालं? शोध घेताना या चुका टाळा

नवी आवृत्ती टाकली, सगळ्या टेस्ट हिरव्या, उत्तरंही बरोबर; पण तासाभरात संपणारं सिम्युलेशन आता दोन तास घेतंय. टेस्ट उत्तर तपासतात, वेग तपासत नाहीत, त्यामुळे अशी रिग्रेशन्स (नव्या बदलाने आधी नीट असलेलं बिघडणं) सहज निसटतात. मग घाईघाईने जे उपाय होतात, त्यांतही ठरावीक चुका होतात.

टेस्टमध्येच सेकंदांची अट घालणं

‘अर्ध्या सेकंदात संपलंच पाहिजे’ ही अट सीआयवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) टिकत नाही. तिथलं मशीन अनेकांत वाटलेलं असतं. आज एक प्रोसेसर मिळतो, उद्या दुसरा. टेस्ट उगाच लाल होत राहिली की लोक तिच्याकडे बघणं सोडतात, आणि मग खरं रिग्रेशन आलं तरी कुणाला कळत नाही. त्यापेक्षा मशीन बदललं तरी फारसं न बदलणारं काही मोजा: सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या कोडला) किती इटरेशन म्हणजे फेऱ्या लागल्या, फंक्शन किती वेळा कॉल झालं. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचं मिनिमाइझ फंक्शन कॉल्सचा आकडा ‘एनएफईव्ही’ या नावाने निकालातच देतं. तो ४० वरून ४०० वर गेला, तर घड्याळ न बघता दोष हाती लागतो. थोडी सूट मात्र ठेवा, कारण मॅट्रिक्सचं गणित करणारी बीएलएएस लायब्ररी बदलली की एखाददुसरं इटरेशन इकडेतिकडे होतं.

जुनं सकाळी, नवं संध्याकाळी मोजणं

दोन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर आलटून पालटून चालवा. ‘ओएमपी नम थ्रेड्स’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल १ करा, नाहीतर मोजमाप थ्रेड्सच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) ओढाताणीचं होतं. पायथन कोड चालतानाच कंपाइल करणारं नंबा वापरत असाल तर पहिला रन सोडून द्या. त्यात कंपाइलचा वेळ असतो. सरासरीपेक्षा किमान वेळ किंवा मीडियन धरा. हे सगळं हाताने करण्यापेक्षा एअरस्पीड व्हेलॉसिटी हे वेग मोजायचं टूल वापरा. नमपाय (पायथनची ॲरे लायब्ररी) आणि सायपायचे बेंचमार्क त्यातच लिहिलेले आहेत.

डीटाइप गृहीत धरणं

डीटाइप म्हणजे ॲरेतल्या आकड्यांचा प्रकार. ही चूक सर्वांत फसवी. फ्लोट३२ (दर आकड्याला ४ बाइट) ॲरेला ‘एनपी डॉट स्क्वेअररूट २’ने भागलंय असं समजा. ते वर्गमूळ फ्लोट६४ (८ बाइट) स्केलर म्हणजे एकच सुटा आकडा म्हणून येतं. नमपाय १ मध्ये उत्तर फ्लोट३२ राहायचं. २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २ मध्ये टाइप प्रमोशनचे (दोन प्रकार एकत्र आले की उत्तराचा प्रकार ठरवणारे) नियम बदलले आणि तेच उत्तर फ्लोट६४ झालं. १ कोटी आकड्यांचा ॲरे ४० एमबीवरून ८० एमबीवर जातो, आणि पुढची प्रत्येक पायरी दुप्पट मेमरी ओढते. उत्तर उलट जास्त अचूक येतं, त्यामुळे एकही टेस्ट पडत नाही. उपाय सोपा आहे: मॅथ मोड्यूलचं स्क्वेअररूट घ्या, ते साधा पायथन फ्लोट देतं. आणि टेस्टमध्ये निकालाचा डीटाइप तपासणारी एक ओळ टाकाच.

बायसेक्टमध्ये बिल्ड विसरणं

गिट बायसेक्ट ही कमांड दर पायरीला निम्मी कमिट्स (कोडमधले नोंदलेले बदल) बाद करत १००० कमिट्समधून साधारण १० पायऱ्यांत दोषी कमिट काढतं. पण सी किंवा फोर्ट्रानचा भाग पुन्हा बिल्ड केला नाही, तर प्रत्येक पायरीवर तुम्ही जुनीच लायब्ररी मोजता आणि भलत्याच कमिटवर आळ येतो. दर पायरीला बिल्ड करून वेळ मोजणारी स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा, नाहीतर चेकआउटबरोबर तीही बदलते किंवा गायब होते. बिल्ड फसला तर एक्झिट कोड १२५ द्या, म्हणजे ते कमिट वगळलं जातं. १ दिलात तर ते विनाकारण दोषी ठरतं. चांगल्या आवृत्तीला ०.८ सेकंद आणि वाईटाला १.४ लागत असतील, तर चांगलं-वाईट ठरवणारी सीमा मधोमध, १.१ वर ठेवा. मेसन-पायथन या बिल्ड टूलच्या एडिटेबल इन्स्टॉलमध्ये बिल्ड इम्पोर्टच्या वेळी होतो, म्हणून घड्याळ इम्पोर्टनंतरच सुरू करा. शेवटी सापडलेलं कमिट आणि त्याच्या लगेच आधीचं, दोन्ही कोऱ्या फोल्डरमध्ये बिल्ड करून पुन्हा मोजा. फरक तिथेही दिसला, तरच इश्यू (प्रोजेक्टकडे दोषाची नोंद) उघडा.