पीआरमध्ये पाऊल टाकताय? टीममधल्या तिन्ही पिढ्यांकडून शिका

मुंबईतल्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत रुजू झालात की एकाच टीममध्ये तीन पिढ्या भेटतील. उदारीकरणानंतर एजन्सी उभ्या राहत होत्या तेव्हा आलेले, ईमेल आणि न्यूज चॅनेलच्या काळात तयार झालेले आणि मोबाइलवरच बातम्या वाचत मोठे झालेले. यांच्यात खटके उडतात ते बहुतेक एकाच प्रश्नावर : काम झालं, हे कधी म्हणायचं?

जुन्या मंडळींच्या लेखी छापून आलं की झालं. कात्रणं चिकटवायची, कॉलम सेंटीमीटर मोजायचे आणि तेवढ्या जागेचा जाहिरातीचा दर लावून एव्हीई, म्हणजे बातमीची जाहिरातीच्या हिशोबाने किंमत, काढायची. पीआरचं काम कसं मोजावं हे सांगणाऱ्या २०१०च्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी एव्हीई म्हणजे पीआरचं मूल्य नव्हे, असं स्पष्ट सांगितलं. तरी काही क्लायंटच्या मासिक अहवालात तो रकाना अजून असतो. तो काढून टाका, हा तरुणांचा आग्रह मला पूर्ण पटतो. फक्त त्याच्या जागी इम्प्रेशन्सचे (पोस्ट किती वेळा स्क्रीनवर दिसली याचे) लाखांतले आकडे भरले, तर क्लायंटला नवं काहीच कळत नाही.

बातमी लिहिण्यात आणि पोचवण्यात मात्र ज्येष्ठांना तोड नाही. माझ्या पहिल्या मॅडम प्रेसनोट हातात आली की ‘अग्रगण्य’, ‘नावीन्यपूर्ण’ या शब्दांवर लाल पेनने काट मारायच्या. मग म्हणायच्या, “नाशिक आवृत्तीला पाठवतेयस ना? मग नाशिकचं जे आहे ते पहिल्या ओळीत घे.” बातमीदाराला फोन दुपारच्या आत, संध्याकाळी पानं लागत असताना अजिबात नाही. कोण कुठला बीट, म्हणजे बातम्यांचा विषय, बघतो, हे त्यांना तोंडपाठ असायचं. एकच मेसेज चाळीस जणांना फॉरवर्ड करून हे साधत नाही.

उलट, एका खाद्यपदार्थाच्या कंपनीविरुद्ध ग्राहकाचा व्हिडिओ फिरू लागला, तेव्हा “सकाळी निवेदन देऊ” असं वरिष्ठ म्हणाले. नुकत्याच लागलेल्या मुलीने त्यांच्यासमोर फोन धरला. खाली कमेंट वाढतच होत्या. “सर, सकाळपर्यंत लोकांचं मत बनून गेलेलं असेल.” निवेदन सरांनीच लिहिलं, एकेक शब्द तोलून, ते कुठे टाकायचं, कोणाला उत्तर द्यायचं हे तिने ठरवलं. इन्फ्लुएन्सरच्या पैसे देऊन केलेल्या पोस्टवर ‘जाहिरात’ असं लिहायलाच हवं, हा एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचा २०२१पासूनचा नियमही टीममध्ये तीच लावून धरते.

रात्री दहानंतरच्या मेसेजवरून होणाऱ्या वादात मी तरुणांच्या बाजूने आहे. रोजचं काम सकाळपर्यंत थांबू शकतं. संकटाची रात्र अपवाद.

आणि मराठी नीट लिहिता येत असेल, तर मुलाखतीत ते आवर्जून सांगा. इंग्रजी प्रेसनोटचं मशीनने केलेलं भाषांतर तसंच पाठवलं की मराठी वृत्तपत्राच्या डेस्कला पहिल्याच वाक्यात कळतं. प्रेसनोट मराठीत स्वतः नव्याने लिहिणारी माणसं एजन्सीला हवीच असतात.