पी०१७१ आला? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

गाडीच्या स्कॅनरवर पी०१७१ हा कोड दिसला की बडोद्यात बऱ्याच ठिकाणी एकच निकाल लागतो: "सेन्सर गयुं छे, बदली नाखो." मालकही लगेच तयार होतो, कारण त्याला संध्याकाळपर्यंत गाडी हवी असते. पुढच्या आठवड्यात चेक लाइट पुन्हा लागते आणि मग गाडी माझ्याकडे येते.

या कोडचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय असं एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला दिसतंय आणि ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल वाढवून वाढवून हात टेकलेत. सेन्सर फक्त चव सांगतो. वरण आळणी लागलं म्हणून जीभ बदलत नाही कोणी.

सेन्सर खरंच मेलाय का, ते बघायला दोन मिनिटं लागतात. इंजिन पूर्ण गरम करा, स्कॅनरच्या लाइव्ह डेटात पुढच्या (इंजिनाकडच्या) सेन्सरचा व्होल्टेज लावा आणि एकदम रेस द्या. आकडा ०.८-०.९ पर्यंत उडाला आणि रेस सोडल्यावर ०.१ कडे आला, तर सेन्सर जिवंत आहे. (एअर-फ्युएल सेन्सरवाल्या गाड्यांना हे आकडे लागू नाहीत.) त्याच्या आधीच्या एक्झॉस्ट गॅस्केटवर काळी काजळी दिसते का तेही बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर नसलेली कमतरता दाखवतो.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आल्या आल्या कोड उडवणं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे लाइट लागली तेव्हा वेग किती, आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम ही सगळी नोंद पुसली जाते. शिकलेले फ्युएल ट्रिमही (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते आकडे) बऱ्याच गाड्यांत शून्यावर येतात. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागते आणि "झालं की ठीक!" म्हणून सगळे खूश. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर घेतलेली नवशिकी मंडळी तर बटण दाबायलाच बसलेली असतात. आधी मोबाइलने फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. मी ग्राहकाकडून चावी घेतो ती त्यानंतरच.

मग शॉर्ट टर्म (त्या क्षणाच्या) आणि लाँग टर्म (शिकलेल्या) ट्रिमची बेरीज बघा, आधी आयडलवर, मग २५०० आरपीएमवर, मग चालत्या गाडीत. अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक वेळा काळजी नाही. २०-२५ च्या वर टिकली की बहुतेक गाड्या कोड टाकतात. पण बेरजेपेक्षा ती कुठे वाढते हे महत्त्वाचं. आयडलवर जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर हवेची गळती शोधा. लोडवर वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही.

दांडिया बाजारातल्या एका काकांच्या गाडीला बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. एका गॅरेजने सेन्सर बदलला, दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले, तिसरा टाकीतला पेट्रोल पंप बदलायला निघाला होता. मी विचारलं, "काका, लाइट गॅसवर लागते की पेट्रोलवर?" काका म्हणाले, "अरे, गावात तर मी गॅसच चालवतो. एक्सप्रेसवेवर गॅस संपला की लागते." अर्धं उत्तर तिथेच मिळालं. सेन्सर मेला असता किंवा हवा गळत असती तर गॅसवरही आकडे बिघडले असते. पेट्रोलवर आयडलला बेरीज अधिक ६, लोडवर २५ च्या वर. प्रेशर गेज लावला तर रेस देताच काटा खाली. मग पंप बदलायचा? थांबा. चालू पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावला तर जेमतेम साडेदहा व्होल्ट, आणि बॅटरीवर पावणेचौदा. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडीत पाणी शिरलं होतं. पंपाच्या अर्थिंगचा बोल्ट हिरवा-पांढरा पडून फुगला होता. तो घासला, नवं लग लावलं, प्रेशर जागेवर आलं. जुनाच पंप अजून चालतोय.

गॅसवाल्यांनो, टाकीत पेट्रोल ठेवा. बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पंप फिरत राहतो, आणि त्याला गार ठेवतं ते पेट्रोलच.

व्हिडिओ बघून एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा तारेने मोजणारा) साफ करायला येणाऱ्यांनी आधी आपल्या गाडीला तो आहे का ते बघावं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या एमएपीवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, चालतात. तिथे गळती असली तर ट्रिम फार हलत नाही, उलट आयडल चढतो. एमएएफ असेलच, तर त्याचाच क्लीनर वापरा. कार्ब क्लीनर नको आणि तारेला बोट तर नकोच.

तोच कार्ब क्लीनर चालू इंजिनावर फवारून गळती शोधणारे आहेत. गरम एक्झॉस्टवर भडका उडतो, बाबांनो. धूर सोडून गळती दाखवणाऱ्या स्मोक मशीनवाल्याला पैसे द्या. मी सुरुवात पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या) पाइपपासून करतो, कारण तो खालच्या बाजूला चिरतो आणि वरून नवा दिसतो.

एअर फिल्टर घाण झाल्याने हा कोड येत नाही. पण एमएएफवाल्या गाडीत फिल्टर बदलून पाइपचा क्लँप ढिला सोडला, तर येतो.

टाकीत फ्युएल ॲडिटिव्हच्या बाटल्या ओतू नका.

आणि ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) दोष देण्याआधी हिशोब करा. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम चार-आठ टक्के वर सरकेल. बाकीचे पंधरा कुठून आले ते शोधा.